खालच्या खणातली औषधं

आमच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या डोळ्यांसमोरच्या फळीवर, मधुमेहाच्या त्यांच्या शेजारी आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या काउंटरखालच्या खणात. ही मांडणी अण्णांची, माझ्या वडिलांची. ठाण्याच्या नौपाड्यात त्यांनी दुकान काढलं १९५६ साली. "वरच्या फळीला हात घातला की मागे उभा असलेला शेजारी डबीवरचं नाव वाचतो," म्हणायचे. "खण उघडला तर कुणाला काय कळतंय?" पुढे मी डी.फार्म. करून दुकानात बसले, फळ्या बदलल्या, फ्रीज आला, कॉम्प्युटर आला. खण तिथेच आहे.

ठाण्यातल्या दुकानाला असा खण लागावा यात नवल नाही. "याला ठाण्याला पाठवा" हे मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं वाक्य. आमचा जन्मच ठाण्यातला, आम्हाला आणखी कुठे पाठवणार, हा आमचा ठरलेला विनोद. नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून १९०१ साली इथे मनोरुग्णालय उभं राहिलं, त्या काळच्या भाषेत वेड्यांचं इस्पितळ. पुण्याकडे तोच मान येरवड्याला, विदर्भात नागपूरला, कोकणात रत्नागिरीला. काही गुन्हा नसताना या गावांच्या नावांच्या शिव्या झाल्या.

कायदाही त्याच वळणाचा होता. १९१२च्या ल्यूनसी अ‍ॅक्टप्रमाणे घरच्यांनी अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे आणि मॅजिस्ट्रेटने हुकूम दिला की रुग्ण आत. इलाजाचा रस्ता कचेरीतून जायचा. हा कायदा १९९३पर्यंत चालू होता. म्हणजे मी काउंटरवर बसायला लागले त्यानंतरही बरीच वर्षं. स्वातंत्र्याच्या तोंडावर देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीसाठी मूर टेलर नावाच्या अधिकाऱ्याने देशभरातली ही इस्पितळं पाहिली. त्यांचा शेरा असा की इमारतींची रचनाच माणसं कोंडून ठेवण्यासाठी आहे, बरं करण्याचा विचार तीत नाही.

बरं करायला होतं तरी काय? अण्णा दुकान काढण्याआधी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. ब्रोमाइडचं मिक्श्चर बाटलीत भरायचं, बाटलीला कागदी खुणांची पट्टी चिकटवायची, हे त्यांचं रोजचं काम. फार आरडाओरडा करणाऱ्याला पॅराल्डिहाइड. त्याचा वास घेणाऱ्याच्या श्वासाला दिवसभर येत राहतो. अण्णा सांगायचे, आजारी माणूस कुठल्या खोलीत आहे हे जिन्यातच कळायचं. यातलं कुठलंच औषध आजारावर नव्हतं, ते गोंगाटावर होतं. इस्पितळात आणखी दोन गोष्टी असत. एक, इन्सुलिन देऊन साखर इतकी उतरवायची की रुग्ण बेशुद्ध पडावा. दुसरी, विजेचा झटका. रोममध्ये चेर्लेटी आणि बिनी यांनी तो १९३८ साली पहिल्यांदा दिला आणि थोड्याच वर्षांत तो आपल्याकडे आला. त्या काळी भूल न देता. हिंदी सिनेमाने तेच दृश्य दाखवून दाखवून लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसवलंय की आज डॉक्टरांनी ईसीटी हा शब्द काढला तरी नातेवाईक उठून चालू लागतात. खरं तर आता भूल देऊनच ती करतात, २०१७च्या कायद्याने भुलेशिवाय करायला बंदी आहे. खाणंपिणं सोडून दिलेल्या, जीव द्यायला निघालेल्या अतिखिन्न माणसाला ती जितक्या लवकर सावरते तितकी फार थोडी औषधं सावरतात. मी हे विकत नाही, म्हणून निर्धास्तपणे सांगू शकते.

पण आमच्या खणाची गोष्ट सुरू होते ती एका मुळीपासून. सर्पगंधा. बिहारमध्ये ही मुळी बाजारात "पागल की दवा" म्हणून विकली जात असे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की ही मुळी वेडावरही चालते आणि रक्तदाबावरही. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतले घटक वेगळे केले आणि एकाचं नाव कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलिन ठेवलं. जगाने फारशी दखल घेतली नाही. ती घेतली गेली १९४९मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा लेख इंग्लंडच्या हृदयरोगावरच्या नियतकालिकात आला तेव्हा. वकिलांचा विषय रक्तदाब. मनाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीने १९५२ साली मुळीतून रेझर्पिन वेगळं काढलं आणि सर्पासिल नावाने गोळी आणली. अण्णांच्या दुकानात अगदी सुरुवातीला जी औषधं आली त्यांत ही होती. न्यूयॉर्कजवळच्या एका मोठ्या सरकारी मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ती शेकडो रुग्णांना दिली. वॉर्ड शांत झाले. १९५७ साली लास्कर पुरस्कार देताना वकील आणि क्लाइन दोघांचाही सन्मान झाला: एकाने मुळी रक्तदाबासाठी वापरली, दुसऱ्याने मनासाठी.

इथून गोष्ट उलटी फिरते, आणि मला ती याच वळणासाठी आवडते. रक्तदाबासाठी रेझर्पिन घेणारी काही माणसं उदास होऊ लागली. रडू येतं, झोप लागत नाही, जगण्यात राम वाटत नाही. अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत १९५५ साली दिसलं की रेझर्पिनने मेंदूतला सिरोटोनिनचा साठा रिकामा होतो. दोन वर्षांनी स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रेझर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा दिलं आणि ससे पुन्हा हिंडू लागले. म्हणजे मेंदूतली रसायनं ओसरली की माणूस खचतो, वाढवली की उभा राहतो, असा तर्क बांधला गेला. आज नैराश्यावरच्या ज्या गोळ्या मी दिवसभर देते त्यांच्यामागचा विचार इथून निघाला. बिहारच्या बाजारातल्या वेडावरच्या मुळीतून.

गंमत अशी की हा तर्क पुढे फारसा टिकला नाही. रेझर्पिनने माणसं खरंच तेवढी उदास होत होती का, यावरही नंतर शंका घेतल्या गेल्या; डोस फार मोठे होते. नैराश्य म्हणजे सिरोटोनिनची कमतरता या सोप्या म्हणण्याला पुरेसा पुरावा सापडत नाही, असं २०२२च्या एका मोठ्या आढाव्यात आलं. त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं मोबाइल पुढे धरून विचारायला आली, "मग आमच्या गोळ्या खोट्या का?" गोळी का लागू पडते याचं स्पष्टीकरण चुकलं म्हणून गोळी लागू पडायची थांबत नाही. ॲस्पिरिन कसं काम करतं हे कळायच्या आधी सत्तर वर्षं लोक ॲस्पिरिन घेत होते. तसं सांगून मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, आणि तोवर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, असं बजावलं.

रेझर्पिन स्वतः मात्र खणातून उठून वरच्या फळीवर गेलं. रक्तदाबाच्या अ‍ॅडेल्फेनमध्ये ते असायचं, आणि अ‍ॅडेल्फेन एसिड्रेक्स आम्ही पुढे कितीतरी वर्षं पोत्याने विकली. मनावरच्या कामातून त्याला हटवलं ते लार्गॅक्टिलने. ती गोळी फ्रान्सची. शस्त्रक्रियेआधी रुग्ण शांत राहावा म्हणून आंरी लाबोरी नावाचे सर्जन औषध शोधत होते, त्यातून ती १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात मनोरुग्णांपर्यंत पोचली. नैराश्यावरची पहिली औषधंही अशीच वाट चुकून आलेली. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिलं, तर मरणाच्या दारातले रोगी वॉर्डात नाचायला लागले. रोलांड कून यांनी स्वित्झर्लंडच्या एका खेड्यातल्या मनोरुग्णालयात नवं औषध स्किझोफ्रेनियासाठी वापरून पाहिलं; तिथे ते फसलं आणि खिन्न रुग्णांना लागू पडलं. १९५७ साली त्यांनी ते जाहीर केलं. तेच टोफ्रॅनिल. त्याची बारीक तपकिरी गोळी मला लहानपणी चॉकलेटसारखी वाटायची, म्हणून अण्णा खणाला कुलूप लावत.

ही औषधं आली आणि इलाजाची जागा बदलली. लार्गॅक्टिल घेणारा माणूस घरी राहू शकत होता. दर महिन्याला कुणीतरी चिठ्ठी घेऊन दुकानात यायचं. बहुतेकदा आई किंवा बायको, क्वचित भाऊ. रुग्ण स्वतः येऊ लागला तो खूप नंतर. ठाण्याचं गिऱ्हाईक गोळ्या आणायला दादरला जायचं, दादरचं ठाण्याला. मध्य रेल्वेने या धंद्यात बरंच कमावलं असेल. एक बाई दर पौर्णिमेला मुलाला गाणगापूरला न्यायच्या आणि परतताना स्टेशनवरून थेट आमच्याकडे यायच्या. अण्णांनी त्यांना कधी हटकलं नाही. "तिथं जाते म्हणून ती इथं येण्याइतकी उभी राहिली," म्हणायचे. मला तेव्हा हा बोटचेपेपणा वाटायचा. पुढे वाचलं की अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी पन्नासच्या दशकात मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून नातेवाइकांनाच रुग्णासोबत राहायला बोलावलं होतं. माणसं कमी पडत होती म्हणून, पण रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. पाश्चात्त्य देश मनोरुग्णालयं रिकामी कशी करावीत यावर वाद घालत होते, तेव्हा इथे घरच्या माणसांना औषधाचा भाग मानलं गेलं होतं. अण्णा विद्यासागरांचं नावही ऐकून नव्हते.

साठचं दशक संपताना काम्पोज आली आणि खणाची अब्रू गेली. काम्पोज म्हणजे डायझेपाम, परदेशातलं व्हॅलियम. परीक्षेआधी काम्पोज, लग्नघरी काम्पोज, सासूशी भांडण झालं की काम्पोज. त्यात १९७२पासून नवा पेटंट कायदा लागू झाला, औषधाच्या रेणूवर कुणाची मक्तेदारी राहिली नाही आणि देशी कंपन्यांनी तीच औषधं वेगळ्या पद्धतीने करून स्वस्तात आणली. याचा फायदा मोठा. अमेरिकेत प्रोझॅक १९८७ साली मंजूर झालं, आणि नव्वदच्या दशकात आमचं रिक्षावाल्या घरातलं गिऱ्हाईकही फ्लुओक्सेटिन विकत घेऊ शकत होतं. तोटाही तिथेच. झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय देणारी दुकानं गल्लोगल्ली होती. नैराश्याच्या गोळीची सवय लागेल म्हणून घाबरणारी माणसं अल्प्राझोलाम मात्र वर्षानुवर्षं बिनधास्त घेतात, आणि सवय लागते ती नेमकी दुसरीची. २०१४पासून या गोळ्या एच-वन यादीत आल्या. प्रत्येक विक्री वेगळ्या वहीत लिहायची, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती गोळ्या. वही तीन वर्षं सांभाळायची. मी ती वही उघडली की निम्मी गिऱ्हाइकं "राहू दे" म्हणत निघून जात. बाकीच्यांपैकी काहींना तेव्हाच पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञ भेटला.

गोळी कुठे थांबते हे मला किल्लारीने दाखवलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तिथे भूकंप झाला. ठाण्यातून औषधांचे खोके गेले, भरायला आम्ही दुकानदार होतो. पहिल्या यादीत सलाइन, धनुर्वाताची इंजेक्शनं, प्लास्टर, जंतुनाशकं. काही आठवड्यांनी आलेल्या यादीत झोपेच्या गोळ्या होत्या. तिकडून परतलेले एक डॉक्टर सांगत होते की माणसं छपराखाली झोपायला तयार नाहीत, पत्रा वाजला तरी धावत सुटतात. आघातानंतरच्या या अवस्थेला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली आपल्या आजारांच्या यादीत जागा दिली होती. पण खोके भरताना आमच्यापैकी कुणालाही तिचं नाव माहीत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे २०१३ साली सांगितलं की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात अशा शामक गोळ्या देऊ नयेत. तिथे आधी उपयोगी पडतात ती सोबतीला राहणारी माणसं. ज्यांची भीती महिनोन्‌महिने सुटत नाही त्यांच्यासाठी त्या आठवणीला थोडं थोडं, जाणत्या माणसाच्या सोबतीने सामोरं जायचे उपचार आहेत, डोळ्यांच्या हालचालींची एक रीत आहे, गरज पडली तर सर्ट्रालिनसारखं औषध आहे. यातलं एकच मला खणात ठेवता येतं.

बोलण्याच्या उपचाराचा आपल्याकडचा इतिहास गोळीपेक्षा जुना आहे. कलकत्त्याला गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली मनोविश्लेषणाची संस्था काढली आणि फ्रॉइडशी पत्रव्यवहार करता करता त्याच्याशी वादही घातला. आमच्या बाजूला के. एम. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसशी पत्रांतून गाठ घालून घेतली आणि विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईत रुजवली. दुःख घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या हट्टी समजुतीतून येतं, हे एलिसचं सूत्र. कीर्तनं ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ते परकं वाटलं नाही, असं मला वाटतं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात आयपीएच ही मनाच्या आरोग्यासाठीची संस्था सुरू केली, आणि ज्या गावाचं नाव शिवी होतं त्याच गावात लोक मनाबद्दलची भाषणं ऐकायला तिकडे जाऊ लागले. पुण्यात त्याआधी चार वर्षं, १९८६ साली, येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारातच पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून आणि डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा व अनिल अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं होतं.

तरी बोलायला बसणारा माणूस मिळणं हे गोळी मिळण्यापेक्षा अवघड आणि महाग. यावर मला पटलेलं उत्तर गोव्याचं आहे. तिथे संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून तयार केलं. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी त्यांनी मोजक्या बैठका केल्या: सोडून दिलेली कामं पुन्हा एकेक करून सुरू करायची, चालायला जायचं, माणसांत बसायचं. २०१७ साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांना या बैठकांची जोड मिळालेल्यांपैकी जास्त माणसं बरी झाली. कोकणी बोलणारी साधी माणसं हे करू शकतात, तर ठाण्यात का नाही, हा प्रश्न मी ऐकेल त्याला विचारत असते.

काउंटरवर मला येणारे प्रश्न मात्र पन्नास वर्षांत फारसे बदललेले नाहीत. "किती दिवस घ्यायची?" आणि "चार दिवस झाले, काहीच फरक नाही." गोळीला आठवडे लागतात, आणि पहिलीच लागू पडेल असंही नाही. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर केलेल्या एका अभ्यासात, २००६ साली, पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले साधारण एक तृतीयांशच होते. बाकीच्यांना बदलावं लागलं, जोड द्यावी लागली. हे मी घाबरवायला सांगत नाही. पहिली गोळी लागली नाही म्हणून "आपल्यावर उपायच नाही" असं ठरवून मधेच गायब झालेली गिऱ्हाइकं मला आठवतात. रात्री-बेरात्री कुणाशी बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा क्रमांक मी बिलाच्या मागे शिक्क्याने उमटवते. शिक्का करणाऱ्याने विचारलं होतं, "मॅडम, हा होम डिलिव्हरीचा नंबर का?"

सगळ्यात जास्त डोकेदुखी मला देते ती खणातली सगळ्यात जुनी वस्तू, लिथियम. जपान्यांच्या युद्धकैदेतून सुटून आलेल्या जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरच्या हाती गिनीपिगवर प्रयोग करताना हा साधा क्षार लागला; त्याने तो स्वतः घेऊन पाहिला, मग उन्मादाच्या रुग्णांना दिला. १९४९चीच गोष्ट, वकिलांच्या लेखाचं वर्ष. कुणी पेटंट घेण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून कुठल्या एमआरने येऊन त्याचे गुण गायल्याचं मला आठवत नाही, आणि स्टॉकिस्टकडे ते अधूनमधून संपलेलं असतं. उन्माद आणि नैराश्याचे झोके घेणाऱ्या माणसाला मात्र त्याच्यासारखं दुसरं फारसं काही नाही. गेल्या उन्हाळ्यात डोंबिवलीच्या एक बाई नवऱ्यासाठी ते शोधत तीन दुकानं फिरून आल्या. माझ्याकडे दोन स्ट्रिप होत्या, त्या दिल्या आणि आणखी दहा मागवल्या. पाणी भरपूर प्यायला सांगा, गुडघे दुखले तर दुकानातून परस्पर पेनकिलर घेऊ नका, लिथियमची पातळी चढते, असं बिलावर लिहून दिलं. रक्तातल्या पातळीचा रिपोर्ट त्यांनी पिशवीतून काढून दाखवला. तारीख दीड वर्षापूर्वीची होती. नवा काढून थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्यांसकट डॉक्टरांना दाखवा म्हटलं, आणि लॅब सकाळी किती वाजता उघडते ते सांगितलं.